खाजगी शाळा, सरकारी तिजोरी

४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत सरकारी कारभार भलताच चपळ झाला होता. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या लहानशा जिल्ह्यासारखी. तिथल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, शेकडो गोऱ्या पालकांना निरोप धाडून अपरात्री बोलावून घेतलं होतं. आलेल्याने अर्जावर सही करायची आणि चेक घेऊन घरी जायचं. सकाळी बाजार नीट उघडायच्या आत त्यातले बहुतेक चेक वटलेही. एका रात्रीत सुमारे १ लाख ८० हजार डॉलर वाटले गेले. मुलांच्या खाजगी शाळेची फी भरण्यासाठी काउंटीने दिलेलं हे अनुदान होतं, आणि त्या शाळेत एकही काळं मूल नव्हतं. अनुदान थांबवा, अशी मागणी कोर्टापुढे होती. कोर्टाने हात धरायच्या आत तिजोरी मोकळी करायची, म्हणून ही लगबग. दोन वर्षांनी अपील कोर्टाने कारभाऱ्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं आणि पैसे भरून द्यायला लावले.

अमेरिकेत २०२१ साली सरकारी शाळांतली सुमारे ४५ टक्के मुलं गोरी होती आणि खाजगी शाळांतली सुमारे ६५ टक्के. या फरकाचं कारण विचारलं की ठरावीक उत्तर मिळतं: खाजगी शाळा महाग, गोऱ्यांच्या हातात पैसा जास्त, शिवाय आपलं मूल कुठे शिकवायचं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. यात तथ्य आहेच. पण दक्षिणेतल्या अनेक गावांत या फरकाला चक्क जन्मतारीख आहे, आणि तो जन्माला घालताना कोणाचे पैसे लागले याची नोंद कोर्टाच्या कागदांत सापडते. प्रिन्स एडवर्डची कथा त्यातली सगळ्यात सविस्तर.

हा सगळा तंबाखूच्या शेतीचा मुलूख. मुख्य गाव फार्मव्हिल. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांचं उपाशी, हरलेलं सैन्य याच गावावरून पुढे गेलं आणि शेजारच्या ॲपोमॅटॉक्सला त्यांनी शरणागती पत्करली. गुलामगिरी संपली. पुढे कायद्याने काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या झाल्या आणि तशाच राहिल्या. काळ्या मुलांसाठी रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल १९३९ साली बांधलं गेलं, ते १८० मुलांच्या बेताने. १९५० पर्यंत तिथे साडेचारशेवर मुलं झाली. गोरं स्कूल बोर्ड नवी इमारत द्यायला तयार नव्हतं, म्हणून आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली गेली. पाऊस आला की आत गळायचं. हिवाळ्यात मध्ये एक शेगडी असे. तिच्या जवळची मुलं भाजून निघत, कोपऱ्यातली कोट घालून कुडकुडत. शाळेला जिमखाना नव्हता, जेवणघर नव्हतं, आणि बसगाड्या गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या.

बार्बरा जॉन्स सोळा वर्षांची होती. या अवस्थेबद्दल तिने संगीताच्या बाईंकडे कुरकुर केली, तेव्हा बाईंनी उलट विचारलं, मग तूच काही का करत नाहीस? एकदा तिची बस चुकली. रस्त्याच्या कडेला ती उभी असताना गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस तिच्या समोरून निघून गेली. २३ एप्रिल १९५१ ला तिने आणि तिच्या निवडक सोबत्यांनी बेत तडीस नेला. आपली मुलं गावात पोलिसांच्या तावडीत सापडताहेत, असा खोटा फोन मुख्याध्यापकांना गेला आणि ते धावत बाहेर पडले. मग त्यांच्या सहीसारखं ‘जे’ अक्षर काढलेल्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत फिरल्या, की सर्वांनी सभागृहात जमावं. पडदा उघडला तर मंचावर मुख्याध्यापक नाहीत, बार्बरा उभी! तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि संप पुकारला. दोन आठवडे शाळा ओस पडली. एवढं नियोजन करायला पन्नाशीतल्या पुढाऱ्यांनाही जड गेलं असतं.

मुलांनी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या रिचमंडमधल्या वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी अट घातली: नुसती चांगली इमारत मागणार असाल तर आम्ही येणार नाही, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळाच नकोत असं म्हणणार असाल तर येतो. पालक आधी चाचरले. फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन पाठीशी उभे राहिले, आणि ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. पुढे हाच दावा ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यातल्या पाचांपैकी एक झाला. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. बार्बराला जिवाच्या भीतीने अलाबामात काकांकडे पाठवलं. ते काका व्हर्नन जॉन्स, माँटगोमेरीतल्या ज्या चर्चमध्ये नंतर मार्टिन ल्यूथर किंग आले तिथले त्या वेळचे पाद्री. बार्बरा पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली.

१७ मे १९५४ ला या खटल्यात सुप्रीम कोर्टाने वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. व्हर्जिनियाचे मातब्बर सिनेटर हॅरी बर्ड यांनी दोन वर्षांत ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’ची हाक दिली, म्हणजे सर्व शक्तीनिशी विरोध. कोर्टाच्या हुकुमाने जी शाळा एकत्र होईल तिला सरळ टाळं, असे कायदे राज्याने केले, आणि १९५८ साली नॉरफोक, शार्लट्सव्हिल, फ्रंट रॉयल इथल्या शाळा बंदही झाल्या. जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या आणि संघराज्याच्या अशा दोन्ही कोर्टांनी हे कायदे मोडीत काढले. बाकीच्या गावांनी मान तुकवली. प्रिन्स एडवर्डकडे मात्र दुसरी तयारी होती. १९५५ पासूनच तिथे ‘प्रिन्स एडवर्ड स्कूल फाउंडेशन’ नावाची संस्था वर्गणीची वचनं गोळा करत होती, आणि ‘फार्मव्हिल हेरल्ड’चे संपादक बॅरी वॉल अग्रलेखांतून तिची बाजू लावून धरत होते. वेळ आलीच तर सरकारी शाळाच नको, हा विचार गोऱ्या मंडळींत रुजून चार वर्षं झाली होती.

मे १९५९ मध्ये अपील कोर्टाने सप्टेंबरपासून मुलांना वंश न पाहता प्रवेश देण्याचा आदेश दिला. जूनमध्ये कारभाऱ्यांनी सरकारी शाळांसाठी एक छदामही मंजूर केला नाही. काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या, सगळ्याच सरकारी शाळांच्या दारांना साखळ्या लागल्या. सप्टेंबरात फाउंडेशनची ‘प्रिन्स एडवर्ड अकॅडमी’ सुरू झाली, चर्चच्या खोल्यांत आणि मिळतील त्या सभागृहांत. जवळपास दीड हजार गोरी मुलं तिथे दाखल झाली, त्यांच्यापाठोपाठ सरकारी शाळेतले बहुतेक गोरे शिक्षकही. सुमारे १७०० काळी मुलं घरी बसली. शाळा कोणालाच नाही म्हणजे भेदभावही नाही, असा कारभाऱ्यांचा कायदेशीर बचाव होता, आणि तो ते गंभीर चेहऱ्याने मांडत होते.

पहिलं वर्ष देणग्यांवर निभावलं. दुसऱ्या वर्षापासून फी लागू झाली आणि खरा हिशेब पुढे आला. राज्य सरकार प्राथमिकच्या मुलाला १२५ आणि हायस्कूलच्या मुलाला १५० डॉलर अनुदान देई, काउंटी वर १०० डॉलर घाली. म्हणजे मुलामागे २२५ ते २५० डॉलर. शिवाय शाळेला देणगी दिली तर मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. १९६०-६१ मध्ये या ‘खाजगी’ शाळेचा मुख्य आधार ही अनुदानंच होती, हे सुप्रीम कोर्टाने आपल्या निकालात नोंदवलं आहे. म्हणजे काळा शेतकरी जो कर भरत होता त्यातून त्याच्या मुलाची शाळा बंद होती आणि शेजारच्या गोऱ्या मुलाची चालू होती. १९६१ साली एका जिल्हा न्यायाधीशाने सरकारी शाळा बंद असेपर्यंत ही अनुदानं रोखली, तोवर अकॅडमीने चांगलाच जम बसवला होता. गोऱ्यांतही सगळे आत गेले असं नाही. १९६३ मध्ये काउंटीतल्या १३६० गोऱ्या मुलांपैकी १२५० फाउंडेशनच्या शाळांत होती. उरलेल्या शंभरेक मुलांबद्दल अकॅडमीच्या समर्थकांनी फारसं लिहिलेलं नाही.

काळ्या मुलांसाठीही आम्ही खाजगी शाळा काढून देतो, असा प्रस्ताव काही गोऱ्या पुढाऱ्यांनी १९५९ च्या अखेरीस ठेवला होता. अर्ज आला एक. लोक अडाणी म्हणून नव्हे. तो प्रस्ताव स्वीकारला की कोर्टातली लढाई संपली, हे त्यांना उमगलं होतं. त्याची किंमत मुलांनी मोजली. हायस्कूलची साठेक मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने घेतली. काहींना क्वेकर पंथीयांच्या संस्थेने दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवलं. कोणी सीमेपलीकडच्या काउंटीत नातेवाइकांचा पत्ता देऊन नाव घातलं. चर्चच्या तळघरांत बाया अक्षरओळख करून देत होत्या, पण त्याला कोणी शाळा म्हणत नव्हतं. जी मुलं १९५९ ला पहिलीत जायची ती दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत वर्गात बसली नाहीत, आणि मोठी शेतावर कामाला लागली ती बरीचशी परतलीच नाहीत.

गोऱ्यांत उघड विरोध करणारे थोडे. त्यांतले एक गॉर्डन मॉस, फार्मव्हिलच्याच लाँगवुड कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक आणि पुढे डीन. गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. तरी १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सरकारच्या पुढाकाराने आणि खाजगी देणग्यांवर चालणाऱ्या ‘फ्री स्कूल’ उघडल्या तेव्हा मॉस यांनी आपल्या मुलाचं नाव तिथे घातलं. त्या शाळांत दीड हजारांवर काळी मुलं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी गोरी. त्याच वर्षी ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी एका भाषणात जगात मोफत सरकारी शिक्षण नसलेल्या जागांची यादी वाचली होती: कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी.

२५ मे १९६४ ला ‘ग्रिफिन’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. रेव्हरंड ग्रिफिन यांच्याच अपत्याचं नाव खटल्याला होतं. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी बजावलं की शाळा बंद करून खाजगी शाळेला पैसा पुरवणं हे घटनेने दिलेल्या समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे, आणि गरज पडली तर कोर्ट कारभाऱ्यांना कर बसवायला लावू शकतं. सप्टेंबरात सरकारी शाळा उघडल्या. ऑगस्टमधली ती चेकांची रात्र याच दोन तारखांच्या मधली. उघडलेल्या शाळांत जवळजवळ सगळी मुलं काळी, अकॅडमीत सगळी गोरी. कोर्टात जिंकून काळ्यांच्या हाती आली ती पुन्हा वेगळीच शाळा, तीही अपुऱ्या पैशांची.

व्हर्जिनियाने जे एका काउंटीत केलं ते मिसिसिपीने राज्यभर केलं. गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ची स्थापना तिथे ब्राऊन निकालानंतर दोन महिन्यांतच झाली होती. १९६४ मध्ये तिने राजधानी जॅक्सनमध्ये स्वतःची पहिली शाळा काढली. त्याच वर्षी राज्याने खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे १८५ डॉलर अनुदान सुरू केलं. ते कोर्टाने १९६९ मध्ये रद्द केलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला होम्स काउंटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आता चालढकल नको, लगेच शाळा एकत्र करा असं फर्मावलं. होम्समध्ये सरकारी शाळांतली गोरी मुलं पहिल्याच वर्षी ७७१ वरून २८ वर आली, पुढच्या वर्षी शून्यावर. सबंध राज्यात कॅथलिक सोडून अन्य खाजगी शाळा १९६३-६४ मध्ये १७ होत्या, त्यांत २३६२ विद्यार्थी. सप्टेंबर १९७० पर्यंत शाळा १५५ झाल्या आणि विद्यार्थी सुमारे ४२ हजार, जवळपास सगळे गोरे. सात वर्षांत एवढ्या पालकांना एकाएकी खाजगी शिक्षणाची गोडी लागली, यावर कोणाचा विश्वास बसावा?

मिसिसिपीतल्याच ट्युनिका काउंटीचा प्रकार तर जवळून पाहण्यासारखा आहे. शाळा एकत्र करायचा हुकूम आला आणि वर्षाच्या मधेच सगळी गोरी मुलं चर्चच्या जागेतल्या नव्या अकॅडमीत गेली. मुख्याध्यापक आणि १७ शिक्षक राजीनामे देऊन त्यांच्यामागे गेले. वर्गात बसलेली मुलं तीच, फळ्यासमोर उभे शिक्षक तेच, फक्त काळी मुलं नाहीत. उरलेल्या वर्षाचा पगार या शिक्षकांना सरकारकडूनच मिळत राहिला.

पुस्तकंही सरकारचीच होती. मिसिसिपी १९४० पासून सर्व शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं उसनी देत असे. १९७० च्या सुमारास १०७ निव्वळ गोऱ्या शाळांतली ३४ हजार मुलं त्या पुस्तकांवर शिकत होती. काळ्या पालकांनी दावा लावला आणि १९७३ मध्ये सरन्यायाधीश बर्गर यांनी तो मान्य केला: पालकांना खाजगी शाळा निवडायचा हक्क आहे, पण वंशभेद करणाऱ्या शाळेला सरकारने हातभार लावायचा नाही. एका मुलाच्या पुस्तकांचा वर्षाचा खर्च क्षुल्लक होता. तरी मला वाटतं अनुदानापेक्षा पुस्तकांचा मुद्दा जास्त बोलका आहे, कारण सरकारी शिक्का मारलेलं पुस्तक रोज दप्तरात ठेवून शाळेला खाजगी म्हणायचं, हे त्या शाळांत कोणालाही खटकत नव्हतं.

मिसिसिपीच्या मोजणीत कॅथलिक शाळा वेगळ्या धरल्या त्याला कारण आहे. सेंट लुईसचे आर्चबिशप रिटर यांनी १९४७ मध्येच, म्हणजे ब्राऊनच्या सात वर्षं आधी, आपल्या शाळा सर्वांना खुल्या केल्या. १९६२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी तेच करताना विरोध करणाऱ्या तिघांना धर्मबहिष्कृत केलं. त्यांत लिअँडर पेरेझ हे बडं राजकीय प्रस्थ होतं. तेव्हा खाजगी म्हणजे गोरी, हे समीकरण सरसकट नव्हतं.

अनुदान गेलं, पुस्तकं गेली, तरी या शाळांना करसवलत होती. होम्स काउंटीच्याच काळ्या पालकांनी ती कोर्टात नेली. १९७० मध्ये करखात्याने धोरण बदललं आणि पुढच्या वर्षी कोर्टाने शिक्कामोर्तब केलं: वंशभेद करणारी शाळा धर्मादाय नव्हे. तेव्हापासून खाजगी शाळांना आम्ही सर्व वंशांच्या मुलांना प्रवेश देतो असं जाहीर करणं भाग पडलं. अमेरिकेतल्या खाजगी शाळांच्या माहितीपत्रकांत आजही असा मजकूर दिसतो. दक्षिणेत शाळांनी तो छापला आणि वर्ग गोरेच राहिले. १९७६ च्या ‘रनियन’ निकालाने तर, करसवलत असो नसो, खाजगी शाळेलाही वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही असं ठरवलं. १९७८ मध्ये करआयुक्त जेरोम कर्ट्झ यांनी नुसत्या जाहिरातीवर न भागवता प्रत्यक्ष मुलं मोजायची योजना आणली, तेव्हा ख्रिस्ती शाळांच्या चालकांनी निषेधपत्रांचा पाऊस पाडला आणि अमेरिकी काँग्रेसने ती रोखली. धार्मिक उजव्या राजकारणाला बळ मिळालं ते गर्भपातावरून, असा समज आहे. या करवादाचा वाटाही मोठा होता. १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी नाकारली. ते विद्यापीठ आंतरवंशीय प्रेमसंबंधांना बंदी घालत असे. ती बंदी उठली २००० साली.

फार्मव्हिलच्या अकॅडमीची करसवलत १९७८ मध्ये गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिने काळ्या मुलांना दार उघडलं. १९९३ मध्ये याच काउंटीत जन्मलेले उद्योगपती जे. बी. फुकवा यांच्या एक कोटी डॉलरच्या देणगीनंतर ती फुकवा स्कूल झाली. आज तिथे सर्व वंशांची मुलं शिकतात. पण काउंटीच्या सरकारी शाळांत काळ्या मुलांचा वाटा लोकसंख्येतल्या काळ्यांच्या वाट्यापेक्षा अजूनही बराच जास्त आहे. २००४ मध्ये व्हर्जिनियाने शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. उद्योगपती जॉन क्लुगे यांनी त्यासाठी दहा लाख डॉलर दिले. अर्जदार तोवर पन्नाशी-साठीला आले होते.

सरकारी पैसा खाजगी शाळेकडे वळवायच्या कल्पनेचं कूळ निव्वळ दक्षिणेतलं नाही, हेही मान्य करायला हवं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ च्या निबंधात ती बाजाराच्या तर्काने मांडली, आणि वेगळ्या शाळा राखण्यासाठी दक्षिण ती उचलणार हे दिसल्यावर तळटीपेत त्याचा खुलासाही केला. मिलवॉकीत १९९० मध्ये गरीब मुलांसाठी व्हाउचर योजना, म्हणजे खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे, आणली ती पॉली विल्यम्स या काळ्या आमदार बाईंनी. सरकारी शाळांनी काळ्या मुलांची हेळसांड केली हा त्यांचा राग होता. आता दक्षिणेतली राज्यं झपाट्याने व्हाउचर वाटताहेत. नॉर्थ कॅरोलायनाने २०२३ मध्ये उत्पन्नाची मर्यादाच काढून टाकली. अलाबामाने २०२४ मध्ये खाजगी शाळेतल्या मुलामागे सात हजार डॉलरपर्यंतची सोय केली. साठ-सत्तरच्या दशकात काळ्यांना टाळण्यासाठी निघालेल्या काही अकॅडमींनाही हा पैसा मिळू शकतो. पॉली विल्यम्स २०१४ मध्ये गेल्या. योजना गरिबांसाठीच राहावी, उत्पन्नाची अट उठवू नये, यासाठी त्या उतारवयात आपल्याच जुन्या साथीदारांशी भांडत होत्या.